लघुशंका

बत्तीस वर्षें मी शाळेंत मराठी शिकविलें. तास संपावयास पांच मिनिटें उरलीं म्हणजे पुस्तक मिटून मी वर्गाला एक प्रश्न हमखास विचारीत असें : "कुणाला कांहीं शंका?" बहुधा कुणालाही नसे. पुढील बाकांवरच्या हुशार मुलांना ती अभिमानामुळें विचारवत नसे, मागील बाकांवरच्यांना भीतीमुळें विचारवत नसे, आणि मधल्या बाकांवरच्यांना घरीं जाण्याची घाई असे. मात्र तास ऐन रंगांत आलेला असतांना, समासाचा विग्रह फळ्यावर अर्धामुर्धा झालेला असतांना, एखादी करंगळी नेमकी वर होई. तिलाही आपल्या भाषेंत शंकाच म्हणतात. फक्त ती लघु असते. आणि ह्या लघु शंकेला माझ्याजवळ एकच ठरलेलें उत्तर होतें : "आतांच मधली सुट्टी झाली ना? बस खालीं."

हें उत्तर मीं किती मुलांना दिलें असेल, त्याची मोजदाद नाहीं. मुलें निमूटपणें खालीं बसत, पाय आवळून धरीत, आणि मी पुढील समासाकडे वळत असें. त्या उत्तराचें व्याज मला साठी उलटल्यावर भरावें लागलें. त्याची ही हकीकत आहे. विषय सभ्य मंडळींत काढण्यासारखा नाहीं, हें मी जाणून आहें. परंतु ह्या हकीकतींतील खरा खलपुरुष संकोच हाच असल्यामुळें, त्याचा मान राखून ती सांगतां येणार नाहीं.

आपली भाषा इतर बाबतींत चांगली तोंडाळ आहे. भांडणांत, लग्नांत, होळींत ती कशालाही भीत नाहीं. पण ह्या एका बाबतींत मात्र ती नेहमीं पडद्याआडून बोलते. पोरें 'एकी' म्हणतात, प्रौढ मंडळी "जरा जाऊन येतों" म्हणतात आणि कोठें जावयाचें तें सांगत नाहींत, विद्वान 'लघुशंका' म्हणतात. 'लघवी' हा घरगुती शब्ददेखील 'लघु' ह्या विशेषणाचाच आडोसा घेऊन उभा आहे. ह्या शब्दांत दोष काढण्याचा माझा हेतु नाहीं; मीही ते जन्मभर आनंदानें वापरले. पण आडोशाला उभें राहण्याची संवय लागली म्हणजे माणूस संकटांतही आडोसाच शोधतो.

तीन वर्षांपूर्वींच्या जून महिन्यांतील गोष्ट. मालवणांत मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता, आणि आमच्या माजघराचें कौल नेमकें माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेवर गळूं लागलें होतें. त्या ट्रंकेंत केतकरांच्या ज्ञानकोशाचे कांहीं जुने खंड आणि मोल्सवर्थचा कोश होता. मुलगा कामावर गेला होता. शेजाऱ्याला हांक मारावी, तर म्हातारपण कबूल केल्यासारखें होईल, असें वाटून ती ट्रंक मीं एकट्यानेंच उचलली. ज्ञानाचें ओझें जड असतें असें मीं मुलांना पुष्कळदां सांगितलें होतें. त्या दिवशीं तें कमरेला कळलें. कमरेंत कळ उठली आणि विजेची रेघ ओढावी तशी डाव्या पायाच्या घोट्यापर्यंत गेली.

डॉक्टरांनीं तपासून "गादी सरकली आहे" असें सांगितलें. दोन मणक्यांमध्यें जी चिवट चकती असते, तिला आपल्याकडे सर्वजण गादीच म्हणतात. आमच्या शेजारच्या सावंतवाडीची गादी १९४८ सालीं संस्थान विलीन झालें तेव्हां गेली. माझी त्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षांनीं गेली, आणि तीही तनखा न मिळतां. हा विनोद मीं भेटीस येणाऱ्या प्रत्येकाला ऐकविला. सरकलेल्या गाद्यांपैकीं बहुतेक शस्त्रक्रियेवांचून, विश्रांतीनें आणि व्यायामानें, कांहीं आठवड्यांत ताळ्यावर येतात. माझीही येऊं लागली होती. पुढें एका रात्रीं शिंक आली, आणि दोन्ही पायांत एकदम मुंग्या उठल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. खुर्चीवर बसलों, तर आपण बसलों आहोंत हें कळेना. बसण्याची जागा आणि मांड्यांची आंतील बाजू, म्हणजे घोडेस्वाराचा खोगिराशीं जेथें संबंध येतो तेवढाच भाग, जणुं दुसऱ्या कुणाचा होता. आणि सकाळपासून लघवी झाली नव्हती. न्हाणीघरांत जाऊन मी कितीतरी वेळ उभा राहिलों. घंटा वाजवावी आणि शिपाई येऊंच नये, तसें झालें. उष्णतेनें असें होत असेल, असें मीं मनाशीं ठरविलें आणि पत्नीकडे धण्याजिऱ्याचें पाणी मागितलें. तें पेलाभर प्यालों, दुपारीं पुन्हां प्यालों. बंद दाराआड गर्दी वाढविण्याचाच तो उद्योग होता, हें तेव्हां कळलें नाहीं.

संध्याकाळीं डॉक्टर घरीं आले. माणूस तरुण, पण चौकस. त्यांनीं पायांची बोटें हलवून पाहिलीं, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि उठतां उठतां विचारलें, "लघवी नीट होते ना?"

सूनबाई चहाचा पेला घेऊन दारांत उभी होती. मीं तिच्याकडे पाहिलें, मग भिंतीकडे पाहिलें, आणि म्हणालों, "होते, होते."

जन्मभर मीं व्याकरण शिकविलें, आणि आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाच्या वाक्यांत काळ चुकलों. 'होते' ह्या वर्तमानकाळाच्या जागीं 'होत असे' हा रीतिभूतकाळ हवा होता. ती एक चूक दुरुस्त करावयास मला पूर्ण दीड दिवस लागला. आणि त्या दीड दिवसाची किंमत मी अजून फेडतों आहें.

त्या रात्रीं ओटीपोट जड झालें. पहांटे धोतर थोडें भिजलें, आणि वेड्यासारखा मला आनंद झाला, कीं चला, सुटली एकदांची. वस्तुतः तें सुटणें नव्हतें. तुडुंब भरलेल्या तळ्याचें पाणी बांधावरून झिरपावें, तसें तें झिरपणें होतें. मूत्राशयांत साधारणतः चारशें ते पांचशें मिलिलिटर सांठले म्हणजे माणसाला थारा राहत नाहीं. माझी जाणीवच गेलेली असल्यामुळें मी धारेची नव्हे, थेंबांची खूण मोजीत बसलों. ज्याला वरचेवर थेंबथेंब होतें, त्याचें मूत्राशय रिकामें नसून भरलेलें असूं शकतें, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. आणि ज्याला ठाऊक होती त्याला मीं "होते, होते" म्हणून वाटेला लावलें होतें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पत्नीनें भिजलेलें धोतर पाहिलें. तिनें एक शब्दही न बोलतां मुलाला फोन केला. तासाभरांत आम्ही वाटेला लागलों. कुडाळ, सावंतवाडी, बांदा, मग पत्रादेवीचा नाका, आणि त्यापुढें गोवा. आमच्या सिंधुदुर्गांतील कितीतरी अवघड दुखणीं ह्याच वाटेनें दक्षिणेकडे जातात. पावसांत ते शंभरावर किलोमीटर मला न संपणारे वाटले. तेथील एका मोठ्या रुग्णालयांत प्रथम नळी घालून मूत्राशय मोकळें करण्यांत आलें. पिशवींत अकराशें मिलिलिटर जमले. मग एमआरआय झाला. शल्यवैद्यांनीं ती छायाचित्रें दिव्यासमोर धरलीं आणि माझ्याकडे न पाहतां विचारलें, "कधींपासून?" ह्या वेळीं मात्र मीं काळ अचूक सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले. त्या रात्रींच शस्त्रक्रिया झाली.

मला काय झालें होतें, तें पुढें हळूहळू समजलें. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु कण्याच्या टोंकापर्यंत जातो, अशी माझी समजूत होती. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशींच संपतो. त्याखालीं कण्याच्या पोकळींत नुसते मज्जातंतूंचे धागे लोंबत असतात. त्या झुबक्याला शरीरशास्त्रांत अश्वपुच्छ, म्हणजे घोड्याची शेपटी, म्हणतात. बधिर होणारी जागा खोगिराची आणि चेंगरणारे तंतू शेपटीचे; वैद्यकशास्त्राला येथें घोडा फार सुचलेला दिसतो. ह्या शेपटींतील जे तंतू त्रिकास्थींतून बाहेर पडतात, त्यांपैकीं दुसरे, तिसरे आणि चौथे मूत्राशयाला हुकूम पोंचवितात. माझी गादी बाजूला न सरकतां मधोमध मागें सरकली होती, आणि तिनें ती सारी शेपटी भिंतीशीं दाबून धरली होती. असें क्वचितच होतें; पण झालें म्हणजे तासांची गणती सुरू होते. लघवी पुरती अडण्यापूर्वीं दाब निघाला, तर तंतू बहुधा सांवरतात. जितका उशीर, तितकी आशा उणी.

परत येतांना गाडींतून मीं गोव्यांतील खाजणें पाहिलीं. खाडीकांठच्या त्या भातशेतांच्या बांधांना लांकडी दारें असतात. तेथील लोक त्यांना 'मानस' म्हणतात. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं तें दार आपोआप मिटतें, आणि ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या रेट्यानें आपोआप उघडतें. माझ्या शरीरांतही असेंच एक दार साठ वर्षांहून अधिक काळ उघडझांप करीत होतें. भरतीच्या वेळीं स्नायु सैल आणि दार बंद. ओहोटीच्या वेळीं स्नायु आवळलेला आणि दार मोकळें. फरक इतकाच, कीं खाजणाच्या दाराला हुकूम लागत नाहीं. ह्या दाराला लागतो, आणि हुकूम नेणारी तारच तुटली तर पाणी कितीही चढो, तें हलत नाहीं.

पण मी थोडा पुढें गेलों. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सांगावयाचे राहिले. पायांतील कळ शुद्धीवर येतांच गेली होती. सरकलेली गादी हेंच पायांत जाणाऱ्या त्या कळेचें कारण असूं शकतें, आणि ती काढून टाकतां येते, हें बॉस्टनच्या मिक्स्टर व बार ह्या दोघा शल्यवैद्यांनीं १९३४ सालीं निबंध लिहून जगाला पटवून दिलें. मीं मनांतल्या मनांत त्यांना हात जोडले. तिसऱ्या दिवशीं नळी काढली, आणि मी न्हाणीघरांत जाऊन पुन्हां तसाच उभा राहिलों. शिपाई आला नाहीं.

शेजारच्या खाटेवर साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. त्यांचीही गादी काढली होती, आणि त्यांचीही लघवी अडली होती. आम्हां दोघांची ह्या समदुःखामुळें दोन दिवसांत दाट मैत्री झाली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीघरांतून त्यांचा असा कांहीं आनंदोद्गार ऐकूं आला, कीं साऱ्या वॉर्डानें माना वळविल्या. त्यांचें कारण वेगळें होतें. भुलीचें औषध, वेदना शमविणारीं अफूच्या जातीचीं औषधें, उताणें निजून राहणें आणि टांक्यांची भीति, ह्यांमुळें पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचें मूत्राशय कांहीं काळ रुसतें, आणि औषधांचा अंमल उतरला कीं पुन्हां कामाला लागतें. त्यांचें रुसलें होतें. माझें जायबंदी झालें होतें. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात, म्हणून डॉक्टर पुन्हां पुन्हां टांचणी टोंचून बधिरपणा तपासतात आणि संकोच वाटेल असे प्रश्न विचारतात. तो गृहस्थ हंसत हंसत घरीं गेला. जातांना त्यानें माझा हात धरला, पण माझ्या डोळ्यांकडे पाहण्याचें टाळलें.

त्या दुपारीं माझ्या नातीहून थोडी मोठी असेल अशी एक परिचारिका एक बारीक नळी, आरसा आणि साबणाची वडी घेऊन आली. "आजोबा, आज आपल्याला शिकायचें आहे," ती म्हणाली. दर चारपांच तासांनीं आपल्याच हातानें नळी घालावयाची, मूत्राशय पूर्ण रिकामें करावयाचें, आणि नळी काढून टाकावयाची. कायमची नळी ठेवण्यापेक्षां हें बरें. पाणी आणि साबणानें हात कसे धुवावे, नळी कशी धरावी, अडली तर जोर न करतां दीर्घ श्वास घेऊन कसें थांबावें, हें तिनें इतक्या सहजपणें सांगितलें, कीं जणुं ती मला सुईंत दोरा ओंवावयास शिकवीत होती. माझा हात कांपत होता. तिनें घाई केली नाहीं. शेवटीं सामान आवरतां आवरतां ती म्हणाली, "कांहीं शंका असेल तर विचारा हं."

तें वाक्य ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलें. तिला वाटलें, नळी लागली. मग मीं तिला एकामागून एक प्रश्न विचारले. त्यांतील कांहीं इतके उघडे होते, कीं आठवड्यापूर्वीं ते माझ्या तोंडून निघाले असते तर मीं जीभ चावली असती. तिनें सर्वांचीं उत्तरें दिलीं.

ह्या साध्या नळीमागें मोठा इतिहास आहे. कण्याला गंभीर इजा झालेला माणूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बहुधा फार दिवस जगत नसे; त्याला कणा मारीत नसे, पाठीचीं क्षतें आणि तुंबलेल्या, नासलेल्या लघवीनें मूत्रपिंडांवर आलेला घाला मारीत असे. जर्मनींतून परागंदा होऊन इंग्लंडांत आलेले डॉ. लुडविग गुटमन ह्यांनीं १९४४ सालीं स्टोक मॅन्डेव्हिल येथें जायबंदी सैनिकांची जबाबदारी घेतली, तेव्हां त्यांनीं आरंभ केला तो ह्या हीन समजल्या जाणाऱ्या गोष्टींपासून : कूस बदलणें आणि मूत्राशय वेळच्या वेळीं रिकामें करणें. माणसें जगूं लागलीं, तेव्हां त्यांना खेळ दिले. १९४८ सालच्या त्या लहानशा सामन्यांतूनच पुढें पॅरालिंपिक उभें राहिलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या झेललेले आपले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविते झाले, तें ह्याच परंपरेंत. आणि नेमक्या त्याच १९७२ सालीं अमेरिकेंत मिशिगनच्या डॉ. लॅपिडिस ह्यांनीं दाखवून दिलें, कीं रोग्यानें स्वच्छ हातानें, घरच्या घरीं, स्वतः नळी घातली तरी भागतें. शस्त्रक्रियागृहाचें सोंवळें लागत नाहीं, कारण खरा शत्रु नळी नसून तुंबणें हा आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनीं मात्र ह्या अवयवाला कधींच हीन मानलें नाहीं. चरकसंहितेंत हृदय, मस्तक आणि बस्ति अशीं तीन श्रेष्ठ मर्में सांगितलीं आहेत. हृदयावर आणि मस्तकावर कवींनीं इतकें लिहिलें, कीं तीं दोन्हीं अवयव कांहींसे शेफारले आहेत. तिसऱ्या मर्मावर कुणी ओळ खर्चलेली नाहीं. त्याच ग्रंथांत तेरा नैसर्गिक वेग अडवूं नयेत म्हणून एक सबंध अध्याय आहे, आणि मूत्राचा वेग अडविला असतां बस्तींत शूळ उठतो, डोकें दुखतें, अंग वांकतें, असें त्यांत म्हटलें आहे. तो अध्याय जर माझ्या वर्गांतील त्या करंगळ्यांच्या मालकांच्या हातीं पडता, तर मला तोंड लपवावें लागलें असतें.

मालवणास परत आल्यावर माझा दिवस घड्याळाला बांधला गेला. सकाळीं सहा, दहा, दोन, सहा, रात्रीं दहा. खिशांत कापडी पिशवी, तींत नळ्या, साबण, पुसणें. सिंधुदुर्ग किल्ल्यावर एकदां पाहुण्यांना घेऊन गेलों. पाहुणे तटबंदी पाहत होते; मी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ह्या तीन विहिरींपाशीं रेंगाळलों. चहूंकडे खारें पाणी आणि मध्यें गोडें, ही त्या बेटाची नवलाई. पाहुण्यांना तट भव्य वाटला. मला वाटलें, शत्रूला तट अडवीत असेल. पण आंतली माणसें जगलीं, तीं कुणाच्या लक्षांत न येणाऱ्या ह्या विहिरींवर. शरीराचेंही तसेंच आहे. आपण तट मिरवितों. पाहुण्यांना हें सांगावयास मला वेळ झाला नाहीं. दहा वाजत आले होते, आणि परतीची होडी अजून सुटली नव्हती.

त्या वर्षीं आंगणेवाडीच्या जत्रेला भराडीदेवीच्या दर्शनास जावें कीं नाहीं, ह्याचा मला मोठा विचार पडला. रांग किती तासांची असेल, स्वच्छ आडोसा कोठें मिळेल, पाणी किती वाजल्यापासून पिऊं नये, असा हिशेब मी कागदावर मांडीत होतों. पत्नी शेजारीं भाजी निवडीत बसली होती. ती शांतपणें म्हणाली, "अहो, हा हिशेब आम्ही बायका लहानपणापासून तोंडीं करतों. जत्रेला, लग्नाला, एसटीनें लांब जावयाचें असलें, तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी. तुम्हांला ठाऊक नव्हतें?"

मला ठाऊक नव्हतें. चाळीस वर्षें एका घरांत राहून, इतक्या वेळां एकत्र प्रवास करून, मला ठाऊक नव्हतें. मुंबईंत २०११ सालापासून स्त्रियांच्या संघटनांनीं स्वच्छतागृहांच्या हक्कासाठीं चळवळ चालविली, तेव्हां वर्तमानपत्रांत तिचें नांव वाचून मी किंचित् हंसलोंही होतों. पुरुषाला झाडाचा आडोसा पुरतो, म्हणून त्यानें गांवें वसवितांना दुसऱ्या आडोशाचा विचार केला नाहीं. आणि जिला तो हवा होता तिला बोलण्याची सोय ठेवली नाहीं. माझ्या दीड दिवसाच्या मौनाची मला एवढी शिक्षा झाली. त्या जन्मभराच्या मौनाचा हिशेब कोण ठेवतो?

आमच्या घरापलीकडे एक वृद्ध शेजारी राहतात. सारें आयुष्य त्यांनीं रापणीचा दोर ओढण्यांत घालविलें. समुद्रांत अर्धवर्तुळ सोडलेलें तें अजस्र जाळें दोन्ही टोंकांनीं वाळूवर ओढून आणावयाचें, म्हणजे पाठीच्या कण्याची रोजची परीक्षाच. गेल्या पावसाळ्यांत, मासेमारी बंद असतांना, ते संध्याकाळीं ओट्यावर येऊन बसले. कंबर दुखते म्हणाले. मग इकडचें तिकडचें बोलून हळूच म्हणाले, "मास्तर, आता वय झाला. रातीक चार-पाच येळा उठूक लागता. थोडीथोडीच होता."

आंत सूनबाई चहा करीत होती. मीं तिला सांगितलें, कीं आम्ही बोलावीपर्यंत बाहेर येऊं नकोस. मग मीं त्यांच्याजवळ सरकून, डॉक्टरांनीं मला विचारलेले सारे प्रश्न एकएक करून विचारले. बसलेली जागा कळते का? ओटीपोट जड वाटतें का? धार येते कीं थेंब? त्यांनीं माझ्याकडे टक लावून पाहिलें. "ह्या तुमका कसा कळला?"

मीं खिशांतली पिशवी काढून त्यांच्या हातांत दिली. त्यांनीं ती उघडून पाहिली, पुन्हां दोरी आवळली, आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलों. त्यांची गादी जागेवरच होती. प्रोस्टेट ग्रंथि वाढून वाट अडली होती, आणि मूत्राशयांत कितीतरी लघवी मागें राहत होती. त्यांना वेळेवर उपचार मिळाले. आतां ते भेटतात तेव्हां प्रकृतीविषयीं बोलत नाहींत. आमच्या घरीं अधूनमधून बांगडे येतात, एवढेंच.

माझें म्हणाल, तर मज्जातंतू फार सावकाश सुधारतात. वर्ष, दीड वर्ष वाट पाहावी लागते, आणि मग जें परत येतें तें पूर्ण असेलच असें नाहीं. चौदाव्या महिन्यांत एका पहांटे न्हाणीघरांत उभा असतांना शिपाई आला. उशिरा, लंगडत, पण आला. मीं मापाच्या भांड्यांत मोजलें : दोनशें मिलिलिटर. परीक्षेंत दोनशेंपैकीं दोनशें गुण मिळविलेल्या मुलालाही एवढा आनंद झाला नसेल. उरलेलें काढावयास दिवसांतून दोनदां नळी अजून लागते, आणि ती बहुधा लागतच राहील. त्या दीड दिवसाचा तो हप्ता आहे. ज्याची पाठ दुखत असेल, त्यानें एवढेंच लक्षांत ठेवावें : बसण्याची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर रात्र असो कीं सून दारांत असो, तत्काळ बोलावें.

गेल्या १५ ऑगस्टला आमच्या जुन्या शाळेनें मला ध्वजवंदनासाठीं बोलाविलें होतें. भाषणाला सुरुवात करून दहाएक मिनिटें झालीं असतील. तिसऱ्या रांगेंत एका लहान मुलाची करंगळी वर झाली. शेजारीं उभ्या असलेल्या शिक्षकांनीं डोळे वटारले, आणि ती खालीं गेली. मीं भाषण थांबविलें. "जा, बाळ," मीं ध्वनिक्षेपकांतूनच म्हटलें, "खुशाल जाऊन ये. आम्ही थांबतों."

सारें पटांगण स्तब्ध झालें. मुलगा पळाला. मग दुसऱ्या रांगेंत एक करंगळी वर झाली, पांचव्या रांगेंत दोन, आणि बघतां बघतां आठ करंगळ्या उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मीं आठांनाही सोडलें. त्यांतील निदान पांच जणांना शंका मुळींच नव्हती, हें बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून मला पक्कें ठाऊक होतें.